वेड्या राजाचं प्रकरण

७ फेब्रुवारी १९८७, शनिवार
अर्ध्या दिवसाचं ऑफिस. सगळे पांगल्यावर मराठी टाइपरायटरच्या मशीनवर बसून नानांची पानं ओढली. साहेब डबा विसरले म्हणून परत आले आणि पकडलं.
"हे आपलं काम नाही दिसत."
"वडिलांचं पुस्तक आहे."
"कशावर?"
"इंग्लंडमधलं १७८८ साल."
साहेबांनी डबा उचलला. मग म्हणाले, "का?"
का! मीच बापाला विचारून थकले. शाळेतून रिटायर झालेला इतिहासाचा मास्तर, किल्ल्यांवर लिहील, पेशव्यांवर लिहील. आमचे नाना विलायतेतलं एक साल धरून बसलेत. उत्तर ठरलेलं: "८९ साल फ्रान्सच्या क्रांतीमुळे सगळ्यांना पाठ. त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडात काय चाललं होतं? आपल्याला लुटणाऱ्यांचं घर आतून कसं होतं, बघायला नको?"
आज टाइप केलं ते खटल्याचं प्रकरण. बंगालच्या माजी गव्हर्नरला लंडनच्या भल्यामोठ्या सभागृहात आरोपी म्हणून उभा केला. बायका तिकिटं मिळवून, नटूनथटून ऐकायला. वक्ता दिवसच्या दिवस बोलला, बायकांना घेरी आली. शेवटी नानांचं वाक्य: खटला बंगालच्या छळाचा, आणि सभागृहात बोलायला एक बंगाली नाही. टाइप करताना माझीच बोटं जोरात पडली.
घरी आले तर नाना दारात उभे. पाणी पी, बस, काही नाही. "पानं दाखव." एक काना राहिला होता म्हणून खेकसले. एकेचाळीस वर्षांची बाई मी. तरी चौथीतल्यासारखी उभी राहिले.
डॉक्टरांनी बी.पी.ची गोळी डबल केली. मीठ पूर्ण बंद. नाना म्हणाले, "अळणी पिठलं? त्यापेक्षा फाशी द्या."

१५ फेब्रुवारी, रविवार
सकाळची सिरियल संपली आणि सुधीर-वर्षा बोरिवलीहून आले. धाकटा भाऊ आला की मला बरं वाटायचं. हल्ली नाही.
पुन्हा तेच. घाटकोपरची ही जागा विकायची, नानांनी बोरिवलीला त्यांच्याकडे राहायचं, मी "एखाद्या चांगल्या हॉस्टेलमध्ये". चांगल्या!
सुधीर: "ताई, तू एकटी बाई किती दिवस करणार त्यांचं?"
मी: "मी कुठे तक्रार केली?"
वर्षा: "तसं नाही हो ताई, आम्ही तुमच्याच काळजीनं."
नाना आत ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, "पुस्तक होईपर्यंत या घरातली खुर्चीसुद्धा हलणार नाही." सुधीर हसला. ते हसणं मला आवडलं नाही. लहानपणी माझ्या ताटातलं उचलून खायचा तेव्हा असाच हसायचा.
नाना आज मधेच शब्द विसरत होते. 'चष्मा' म्हणायचं आणि 'घंटा' म्हणत होते. झोप नसेल.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
ऑफिसात फोन. नानांच्या जुन्या शाळेतून, मुख्याध्यापिका. "तुमचे वडील आठवी 'ब'त येऊन हजेरी घेतायत."
रिक्षा करून गेले. नाना फळ्यासमोर. पायात एकच चप्पल. जी नावं घेत होते ती मुलं आता बाप्ये झाली असतील. आणि वर्गातली कार्टी "हजर सर, हजर सर" करून खिदळत होती. तरुण मास्तर दाराशी टेकून मजा बघतोय. त्याला म्हटलं, "लाज नाही वाटत?" तो म्हणाला, "मॅडम, मी काय केलं?"
काही नाही केलंस रे. तेच.
रिक्षात नाना मला आईच्या नावानं हाक मारत होते. आई जाऊन नऊ वर्षं झाली.

२३ फेब्रुवारी, सोमवार
बोलणं थांबत नाही. घसा बसला तरी बोलतात. शाळेची घंटा, सहलीची बस, आईची तपकीर, कुठलंही कुठे जोडलेलं. पाणी मागतात आणि ओतून देतात. मी रजा टाकली.
डॉक्टर आले, नाडी धरली न धरली. "सत्तरी उलटली ना? मेंदू गेला. असं होतं." इंजेक्शन दिलं. गोळी चालू ठेवा, मीठ नको. झालं. निघाले. जिना उतरताना शीळ घालत होते, मी ऐकली.
मेंदू गेला. बस गेली म्हणावं तसं.
सुधीरला कळवावंच लागलं.

२५ फेब्रुवारी, बुधवार
आज ऑफिसला जाणं भाग होतं. शेजारच्या सावंतवहिनी म्हणाल्या, "जावा तुमी, मी बसतंय." सावंतांची गिरणी संपात गेली ती गेलीच, आता ते रिक्षा चालवतात. स्वतःचं संकट असून ही बाई माझ्या बापाजवळ बसली.
संध्याकाळी परत आले तर खाट रिकामी. सावंतवहिनी रडवेल्या. सुधीर टॅक्सी घेऊन आला, वर्षाचा भाऊ सोबत, दोघांनी नानांना धरून नेलं. "मी म्हटलंय, कुमुदताईंक येऊ देत. तर माका म्हणता, तुम्ही कोण?"
बोरिवलीला कुणा ओळखीच्या डॉक्टरचं खासगी नर्सिंग होम आहे. फोनवर सुधीर: "ताई, तू इमोशनल होतेस, म्हणून सांगितलं नाही."
इमोशनल. फोन आपटला. वाण्याचा फोन होता, त्यानं रागानं बघितलं. बघ म्हटलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
भेटू दिलं नाही. "डॉक्टर राऊंडला नाहीत." "व्हिजिटिंग रविवारी." मुलीला व्हिजिटिंग! बाकड्यावर बसून राहिले. आतून नानांचा आवाज येत होता. नाही, नानांचा आवाज नव्हता तो. पण शब्द त्यांचे होते.
घरी येऊन काय करायचं सुचेना. पुढचं प्रकरण काढलं. मशीन नाही, नुसतं वाचलं. वेड्या राजाचं.
नानांनी ते गमतीनं लिहिलंय. त्या वर्षाच्या शेवटी इंग्लंडच्या राजाचं डोकं फिरलं. तासन्तास बोलायचा, घसा बसेपर्यंत. वैद्यांचं एकमेकांशी पटेना. पायांना फोड आणणारे लेप लावले, खुर्चीला बांधला. राजा त्या खुर्चीला राज्याभिषेकाची खुर्ची म्हणायचा. राणीला, मुलींना दूर ठेवलं. थोरला मुलगा कारभार हातात घ्यायला टपलेला. आणि ओकच्या झाडाशी हस्तांदोलन केलं ती गंमत. नाना ती दरवर्षी वर्गात सांगायचे. झाडाचा हात धरून दाखवायचे, अख्खा वर्ग लोळायचा. मीही लोळलेय, त्यांच्याच वर्गात होते.
आज हसू आलं नाही. वही मिटली.
तुलना मला करायची नाहीये. राजा गेला उडत.

१ मार्च, रविवार
बघितलं.
दोन्ही मनगटं खाटेच्या दांड्याला बँडेजच्या पट्टीनं बांधलेली. खाली काळंनिळं. ओठांना भेगा. डोळे अर्धे उघडे, मला ओळखलं नाही. चादर ओली होती, किती वेळ कोण जाणे.
सिस्टर म्हणाली, "पेशंट व्हायलंट आहे."
"हा माणूस? यानं उभ्या जन्मात पोराच्या हातावर पट्टी मारली नाही."
"ते मला काय माहीत? सरांची ऑर्डर आहे."
सुधीर बाहेर केळी घेऊन उभा. केळी! मी म्हटलं, "तू बघितलंस हे?" तर जमिनीकडे बघत म्हणाला, "पहिल्या दिवशी बघितलं. नंतर आत नाही गेलो." वर्षा म्हणाली, "आम्हाला बघवत नाही हो."
त्यांना बघवत नाही म्हणून बाप बांधलेला.
मी पट्टी सोडायला गेले, वॉर्डबॉयनं हात धरला माझा. गाठ सुटली नाही.

३ मार्च, मंगळवार
सुधीर ऑफिसात आला. कँटीनमध्ये नेलं त्याला. त्यानं खिशातून कागद काढला. मुखत्यारपत्राचा मजकूर, वकिलानं हातानं लिहून दिलेला. जागेचे सगळे व्यवहार सुधीर बघणार.
"ताई, तुझ्याकडे मराठी मशीन आहे. तूच टाइप करून दे, म्हणजे बाहेर बोभाटा नको."
मी आधी ऐकूनच घेतलं. खरंच. कानावर विश्वास बसत नव्हता.
"सही कोण करणार?"
"अंगठा घेऊ."
"नानांचा अंगठा?"
"ताई, आता कसली सही करणार ते?"
"वेडे झालेत म्हणतोस ना? मग वेड्याचा अंगठा चालतो?"
"वकील म्हणाला, मागची तारीख टाकू."
कप होता हातात. मारला नाही, ठेवला. पण आवाज चढला तो चढला. आजूबाजूचे वळून बघायला लागले. नऊशे पोरांना घोटून घोटून अक्षर शिकवलेल्या माणसाचा अंगठा शाईत बुडवणार तुम्ही? असं म्हणाले, की दुसरं काही, आता आठवत नाही. सुधीर लाल झाला. "तुला फक्त राहायला फुकट जागा हवीय," म्हणाला.
असं म्हणाला. माझ्या पाठीवर बसून शाळेत जायचा तो.
कागद तिथेच राहिला टेबलावर. चहा सांडला होता, त्यात भिजू दिला.

४ मार्च, बुधवार
सावंतांच्या दारात गेले. सगळं सांगितलं. सावंत बनियनवर चहा पीत होते. ऐकून घेतलं. म्हणाले, "उद्या सकाळीच काढूया त्यांना."
"ते सोडणार नाहीत."
"काय मगे? जेल हा काय तो?"
एवढं साधं वाक्य. मी आठवडाभर व्हिजिटिंगची वेळ पाळत होते. स्वतःच्या शहाणपणाचा इतका राग कधी आला नव्हता.

५ मार्च, गुरुवार
काढलं.
मी, सावंत, सावंतवहिनी. वहिनी सरळ आत आणि गाठी सोडायला बसल्या, नखांनी. वॉर्डबॉय आला तर त्याला म्हणाल्या, "हात लाव बघू माका." तो थांबला. सिस्टर डॉक्टरांना फोन करते म्हणाली. कर. डॉक्टर आले, चकचकीत बूट, म्हणाले, "मुलानं ॲडमिट केलंय, मुलगाच नेऊ शकतो."
"मी मुलगी आहे."
"ते ठीक आहे, पण..."
"पण काय?"
शेवटी, 'आमच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहेत, बरंवाईट झाल्यास आम्ही जबाबदार नाही' असा कागद पुढे केला. केली सही. इतक्या जोरात की खालच्या पानावर उठली.
सावंतांनी नानांना पाठुंगळीला घेऊन जिना उतरवला. रिक्षात मी एका बाजूला, वहिनी दुसऱ्या, मधे नाना, मान माझ्या खांद्यावर. पवईच्या चढावर वाटलं संपले. सावंत मागे न बघता म्हणाले, "बोलत ऱ्हवा त्यांच्याशी." काय बोलू? तोंडात आलं ते म्हणत राहिले. खटल्याचं प्रकरण जवळजवळ पाठ होतं, तेच म्हटलं. बायका तिकिटं काढून आल्या, वक्ता बोलायला उभा राहिला...
म्युनिसिपल हॉस्पिटल. जमिनीवर गादी, पण घेतलं लगेच. डॉक्टरीणबाई पोरगेलीशी, डोळ्यांखाली काळं. माझ्या पर्समधली गोळ्यांची पाकिटं बघितली. "या किती दिवस? आणि मीठ?"
"अजिबात नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं."
"चिमूटभरही नाही?"
"नाही. मी स्वतः करते जेवण."
रक्त घेतलं. दुपारी येऊन म्हणाली, "या गोळ्यांनी लघवीवाटे मीठ जातं. वरून तुम्ही बंद केलंत. यांच्या अंगात मीठच उरलेलं नाही, त्यानं डोकं असं होतं. हळूहळू चढवावं लागेल. बघू या."
"म्हणजे वेड नाही?"
"वेड कोण म्हणालं?"
कोण म्हणालं! सगळेच म्हणाले. मी पण मनात म्हणालेच होते.

६ मार्च, शुक्रवार
सलाइन. फरक नाही. मनगटांवर मलम लावलं. सुधीर आला नाही. बातमी पोचलीय त्याला, मी पोचवली.

८ मार्च, रविवार
आज सकाळी नाना भिंतीकडे टक लावून होते. मला वाटलं पुन्हा तेच. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले,
"थुंकू मधला कू दीर्घ."
"काय नाना?"
बोटानं दाखवलं. भिंतीवर पाटी: 'येथे थुंकु नये.'
"कुणी लिहिलंय हे? र्‍हस्व काढलाय."
मी बाहेर गेले, नळाशी उभी राहून रडले. आत आले तर म्हणाले, "कुमुद, तू कामावर नाही गेलीस?" "रविवार आहे नाना." "कुठला रविवार?" सांगितला. बराच वेळ बोटं मोजून हिशोब करत होते.

११ मार्च, बुधवार
आपल्या डॉक्टरांकडे गेले. दवाखाना भरलेला. नंबर न लावता आत. गोळ्यांची पाकिटं टेबलावर आपटली.
"वयात असं होतं, योगायोग असतो," म्हणाले.
"मेंदू गेला म्हणाला होतात. परत आलाय. भेटायचंय?"
"आवाज खाली करा, पेशंट बसलेत."
"त्यांना ऐकू द्या म्हणूनच."
कंपाउंडर मला बाहेर काढायला आला. एक म्हातारी बाकावरून उठली आणि स्वतःची चिठ्ठी हातात धरून घरी गेली. एवढंच झालं. डॉक्टर उद्याही दवाखाना उघडतील. माहीत आहे. तरी बरं वाटलं. नाही, बरं नाही वाटलं.

१४ मार्च, शनिवार
नाना घरी. काठी धरून चालतात. वरणात मीठ पडलं, डोळे मिटून जेवले.
मग विचारलं, मनगट पुढे करून. "हे काय?"
ठरवलं होतं, हळूहळू सांगायचं. पण राग हळूहळू निघत नाही. सगळं ओकले. टॅक्सी, पट्ट्या, अंगठा, मागची तारीख, फुकट जागा. नाना मनगटावरच्या वळावरून बोट फिरवत होते. शेवटी म्हणाले, "मला थोडं आठवतं. तहान लागली होती. पाणी मागितलं की कुणीतरी हसायचं."
एवढंच. मग उठून वही मागितली. वेड्या राजाचं प्रकरण.

१७ मार्च, मंगळवार
नाना ते प्रकरण पुन्हा लिहितायत. झाडाशी हस्तांदोलन उडवलं, अख्खा परिच्छेद. "ती ऐकीव गोष्ट, खरी आहे की नाही कुणाला ठाऊक. आणि खरी असली तरी मी तीस वर्षं आजाऱ्याची नक्कल करून पोरांना हसवलं."
राजाच्या खोल्या थंडगार होत्या, मुली खिडकीतून बापाला बघत, ते आता सविस्तर आलंय. आधी एका ओळीत होतं.
टाइप करताना विचारलं, "राजा बरा झाल्यावर मुलाचं काय झालं?"
"काही नाही. मुलाला कारभार द्यायचा कायदा पार्लमेंटच्या एका सभागृहात मंजूरसुद्धा झाला होता. तेवढ्यात बाप बरा झाला. चर्चमध्ये मोठी आभाराची प्रार्थना झाली, तिथे मुलगे आपसात गप्पा मारत होते म्हणे."
"आणि बापानं?"
"बापानं काय करायचं? मुलगाच तो."
असं म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं नाही. डोक्यात काय शिजतंय कोण जाणे.

२० मार्च, शुक्रवार
नानांनी सावंतांच्या मुलाकडून सुधीरला निरोप पाठवला. मला न विचारता. रविवारी जेवायला या.
मी पेटले.
"नाना, त्यानं तुम्हाला बांधून ठेवलं."
"घाबरला होता गं. त्याला लहानपणी उलटी बघवायची नाही."
"आणि अंगठा? तोही घाबरून?"
"ते चुकलं त्याचं."
"चुकलं? चुकलं म्हणजे गणित चुकलं का?"
"कुमुद, मला किती वर्षं राहिलीत? मी पोराशी भांडत बसू?"
"मग मी कशाला भांडले? मला नुसतं सांगायचं होतंत, कुमुद भांडू नकोस, मी तिथेच बांधलेला बरा!"
नाना पडल्यासारखे बसले. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा अजून राग आला. सावंतवहिनींकडे गेले. त्या मासे साफ करत होत्या. म्हणाल्या, "बाप माफ करता, तो त्याचो हक्क. तुमी कशाक करूक व्हयां? तुमचो राग तुमचो." एवढं बोलून पुन्हा खवलं काढायला लागल्या.

२२ मार्च, रविवार
सांगून टाकलं: स्वयंपाक करणार नाही, वाढणार नाही, बोलणार नाही. नाना म्हणाले, "बरं. मी खिचडी लावतो." सत्तरीचा माणूस, काठी ओट्याला टेकवून तांदूळ धुतोय. मी उठले नाही. दोनदा उठावंसं वाटलं.
कुकरच्या शिट्ट्या झाल्या. नानांनी कोरा सदरा घातला. मनगटं झाकली जावीत म्हणून बाह्या खाली ओढून बटणं लावली. मी म्हटलं, "झाकू नका." ते ऐकलं न ऐकल्यासारखं. मग एक बटण काढलं. एकाच हाताचं.
टेबल मधे ओढलंय, चार ताटं मांडलीत. चौथं माझं. मी खिडकीशी हे लिहीत बसलेय. खाली सुधीरची स्कूटर थांबलीय, वर्षा नाही, एकटाच आलाय. हातात पिशवी आहे. वर बघितलं त्यानं. मी मान फिरवली नाही, हललेही नाही.
जिन्यात पावलं. एका मजल्यावर थांबला बहुतेक.
बेल.
नाना आतून म्हणतायत, "कुमुद, दार."
माझी कडी काढायची तयारी नाही. पण ते ओट्यापासून काठी शोधत निघालेत, आणि फरशी ओली आहे, आणि मी